जुवाच्या लाकडाचा बेस

संग्रामपूरच्या अब्दुल गनींचा बेस, म्हणजे खर्जाची गिटार, गेली सव्वीस वर्षं कोणाला ऐकू आला नव्हता. तो थांबला की मात्र सगळ्यांना कळायचं. वरात रंगात आलेली असताना वायर सैल झाली, की नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर हवेतच राहायचे आणि कोणीतरी विचारायचं, लाइन गेली का. लाइन गेलेली नसायची. गनीभाईंचा बेस गेलेला असायचा.

याहून जास्त कौतुक त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि त्यांना ते कमीही वाटत नव्हतं. ते मूळचे सुतार. बैलगाड्या, वखर, डवरे, दाराच्या चौकटी हे रोजचं काम. लग्नसराई लागली की ज्ञानेश्वर मांडववाल्याच्या ‘सूरसंगम ऑर्केस्ट्रा’च्या टेम्पोत ते मोठ्या स्पीकरला पाठ टेकून बसत. त्या स्पीकरच्या पेटीवर त्यांच्या पाठीएवढा एक गुळगुळीत डाग पडला होता. त्यांची बायको सायरा म्हणायची, घरातल्या भिंतीला तरी असा डाग पाडा कधी.

बेसही त्यांच्याच हातचा, निदान अर्धा. मलकापूरची एक पार्टी मोडली तेव्हा त्यांनी तो जुना घेतला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात टेम्पोच्या टपावर राहून त्याची तारांखालची दांडी विळ्यासारखी वाकली. दुसऱ्या कोणी तो भंगारात घातला असता. गनीभाईंनी वाकलेली दांडी काढून टाकली आणि तिच्या जागी एका जुन्या जुवाचं लाकूड बसवलं. तिवसाच्या झाडाचं जू, वर्षानुवर्षं बैलांच्या खांद्यावर राहिलेलं, पाऊस आणि घाम पिऊन पुन्हा पुन्हा सुकलेलं. त्या लाकडाला जेवढं वाकायचं होतं तेवढं ते आधीच वाकून झालं होतं. त्यावर त्यांनी मोडक्या पलंगाची शिसवी पट्टी चिकटवली, सुरांच्या जागा दाखवणारे पितळी पडदे ठोकले, आणि जुवात शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशेजारची काठी, अडकवायचं जे भोक होतं ते त्याच लाकडाच्या खुंटीने बुजवलं. भोकाशेजारी जुन्या मालकाने चाकूने पाडलेल्या पाच बारीक खाचा होत्या. त्या त्यांनी तासल्या नाहीत. दांडीच्या मागच्या बाजूला अंगठा बरोबर तिथे अडायचा, आणि स्टेजवर कितीही धूर सोडला तरी सातवा पडदा कुठे आहे ते कळायचं.

एवढं जड लाकूड बसल्यावर बेस दांडीकडून खाली झुकायला लागला. म्हणून त्यांनी दुसऱ्या टोकाला नांगराचा अर्धा फाळ स्क्रूने बसवला. तेव्हापासून तो सरळ राहत होता. वजन मात्र वासराएवढं झालं होतं.

ते जू बैलांची पारख करणाऱ्या वामनरावांच्या गोठ्यातलं. गनीभाईंनी त्यांना नवं जू करून दिलं त्या दिवशी जुनं चुलीत जायला निघालं होतं. गनीभाईंनी ते मागितलं आणि वामनरावांनी दिलं. कशाला पाहिजे, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

या दिवाळीनंतर ज्ञानेश्वरचा भाचा शिवम पुण्याची नोकरी सोडून मामाकडे राहायला आला, आणि येताना नवा बेस घेऊन आला. पाच तारांचा, पिकल्या जांभळाच्या रंगाचा. दांडी पाच वेगवेगळ्या लाकडी पट्ट्या जोडून केलेली, आत लोखंडी सळई, ती किल्लीने फिरवली की दांडी केसभर सरळ किंवा केसभर वाकडी करता यायची. पाठीत नऊ व्होल्टचा सेल. गनीभाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला. जोडांमध्ये नख शिरत नव्हतं. पडद्यांची टोकं अशी घासली होती की हाताला टोचत नव्हती. मांडीवर ठेवून सोडून दिला तरी तो फाळाशिवाय सरळ राहिला. लाकडाचं काम चांगलं आहे, असं त्यांनी शिवमला सांगितलं. शिवमला इतका आनंद झाला, की त्याने लगेच त्यांच्या पायाला हात लावला, आणि गनीभाईंच्या लक्षात आलं की आपली जागा जाणार.

कारण टेम्पोत बेसवाल्याची जागा एक होती. ऑर्केस्ट्रात बेस एकच असतो. ज्ञानेश्वरची बहीण शिवमला घे म्हणून सकाळ-संध्याकाळ फोन करत होती. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि त्यानंतर तारखाच तारखा होत्या.

ज्ञानेश्वर माणूस वाईट नव्हता. सव्वीस वर्षं बरोबर असलेल्या माणसाला तोंडावर ‘तुम्ही थांबा’ म्हणायची त्याची हिंमत होईना, म्हणून त्याने एक न्यायाचा मार्ग काढला. दोन्ही बेस समोरासमोर ठेवायचे. आवाजाने आणि बांधणीने जो सरस ठरेल तो ऑर्केस्ट्रात राहील, आणि ज्याचा बेस तोच वाजवणारा. गनीभाई हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण पारख करायची कोणी? ज्ञानेश्वरला स्वतःला बेसमधलं काही कळत नव्हतं, त्याचा धंदा मांडवाचा. ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या गोपालला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही धम वाजतात. शाळेतल्या संगीताच्या सरांनी हार्मोनियम असेल तर सांगा म्हटलं. मग अख्ख्या तालुक्यात अशा वेळी जे करतात तेच ज्ञानेश्वरने केलं. तो वामनरावांकडे गेला.

वामनराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जिल्ह्यातल्या बैलांच्या प्रदर्शनांत आणि शंकरपटांत, म्हणजे बैलांच्या शर्यतींत, चाळीस वर्षं पंच. त्यांच्या निकालावर कधी भांडण झालं नव्हतं, आणि ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती, की लोक हळूहळू बैलांखेरीज बाकीच्या गोष्टीही त्यांच्याकडे नेऊ लागले होते. विहिरीच्या दोन जागा, दोन कंपन्यांच्या मोटारी, एकदा तर एकाच मुलीसाठी आलेली दोन स्थळं. वामनरावांनी सगळ्यांना बैलांचेच नियम लावले आणि सगळं ठीक झालं. ती मुलगी आता लोणारला असते, तीन मुलं आहेत.

त्यांना ऐकू मात्र जवळजवळ येत नव्हतं. ही अडचण ज्ञानेश्वरने भीत भीत सांगितली, म्हणजे कानाजवळ जाऊन ओरडून सांगितली. वामनराव म्हणाले की बैल काही बोलत नाही, त्यामुळे आजवर अडलं नाही.

त्यांचा पहिला नियम असा की जनावर त्याच्या स्वतःच्या आवारात पाहायचं नाही. म्हणून ज्ञानेश्वरचं गोदाम बाद झालं आणि गनीभाईंचा कारखानाही बाद झाला. बाजाराचा दिवस सोडून बुधवारी सकाळी बैलबाजाराच्या मैदानात सगळे जमले. एका मोकळ्या बैलगाडीच्या साट्यावर, म्हणजे वरच्या फळ्यांवर, मोठा स्पीकर चढवला. त्याच्या शेजारी वामनराव मांडी घालून बसले आणि उजव्या हाताचा तळवा त्यांनी साट्याच्या फळीवर ठेवला. बैलाची चाल ते अशीच पाहत, जमिनीवर तळवा ठेवून, डोळे मिटून. कापूस वेचायचे दिवस, तरी पन्नाससाठ माणसं आली होती. सायरा जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि निंबाखाली उभी होती. नारळ फुटला. निकाल काहीही लागो, मान्य, असं ज्ञानेश्वरने गाडीच्या चाकावर हात ठेवून सांगितलं. त्याच्यामागून गनीभाईंनी आणि शिवमनेही.

जनरेटर सुरू झाला आणि वामनरावांनी लगेच डोळे उघडले.

“हे तिसरं जनावर कोनतं चालून राह्यलं?”

जनरेटर दोनशे फूट लांब, पार कोंडवाड्यामागे नेला. वायर कमी पडली म्हणून मांडवाची सगळी वायर जोडली. मग तपासणी सुरू झाली.

आधी दात. वामनरावांनी दोन्ही बेसच्या वरच्या टोकाच्या खुंट्या बोटांनी मोजल्या. गनीभाईंच्या चार. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि वहीत ‘चौदाती’, म्हणजे चार दातांचा तरणा बैल, असं लिहिलं. शिवमच्या पाच निघाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.

“दोनदाती असते, चौदाती असते, सहादाती असते. पाचदाती बैल नसते बाप्पा. एकतर एक पडला, नाईतर एक लपवून राह्यले.”

शिवमने पाचवी तार खालच्या सुरांसाठी असते वगैरे समजावून सांगायचा प्रयत्न केला. गोपालने ते वामनरावांच्या कानात ओरडून पोचवलं, पण पोचता पोचता त्याचं ‘त्याचा एक दात जन्मापासून जास्त आहे’ असं झालं. वामनरावांनी ते लिहून घेतलं. म्हणजे सव्वीस वर्षांचा बेस तरणा ठरला आणि शिवमचा नवाकोरा संशयित.

मग भोवरे, बैलाच्या अंगावर केसांचे असतात ते. आवाज कमी-जास्त करायची बटणं त्यांनी भोवरे म्हणून धरली. गनीभाईंच्या बेसला दोन, जागच्या जागी. शिवमच्या बेसला पाच, आणि त्यातला एक मागच्या पायाच्या वर, जो त्यांच्या मते घरात कटकट आणतो. मग वजन. मग शेपटीकडून उभं राहून पाहणं. इथे नांगराचा फाळ त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो चाचपला आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.

मग पाणी. पाणी दाखवल्याशिवाय जनावराचा निकाल देत नाहीत. एक बादली आणली गेली आणि शिवमचा चेहरा उतरला. आत सेल आहे, सर्किट आहे, थेंब गेला तर संपलं, असं तो मामाला सांगू लागला. मामाने कपाळाला हात लावला.

“पाजा म्हणलो का मी?” वामनराव म्हणाले. “दाखवा. पेणं न पेणं त्याच्या मर्जीवर.”

दोन्ही बेस बादलीसमोर धरले गेले. दोघांनीही पाण्याला तोंड लावलं नाही. वामनरावांनी तशी नोंद केली.

इथपर्यंत गनीभाईंना हसू येत होतं आणि थोडी आशाही वाटत होती. लोकही त्यांच्याकडे पाहून मान डोलवत होते. चौदाती, दोन भोवरे, वजनदार, आणखी काय पाहिजे. आता फक्त वाजवून दाखवायचं राहिलं होतं, आणि आपला बेस आपल्या हातात कसा वाजतो ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पट्टा खांद्यावर घेतला. तेवढ्यात वामनरावांनी हात वर केला.

“हात पालटा.”

कोणाला समजलं नाही, म्हणून त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. “धन्याच्या हातात बैल चांगलाच चालते. दुसऱ्याच्या हातात कसा चालते, ते पाहायचं असते. याचा त्याले द्या, त्याचा याले.”

नियम बरोबर होता, आणि तो बरोबर आहे हे गनीभाईंना सगळ्यांच्या आधी कळलं. माल पारखायचा तर हात बाजूला काढावाच लागतो. फक्त त्याचा अर्थ असा होता, की आता शिवमचा बेस वाजवायचा तो त्यांनी. चांगला वाजवला तर शिवमचा बेस जिंकला, आणि आपण स्पीकरला पाठ टेकून बसलो ते गेल्या हंगामात शेवटचं. वाईट वाजवला तर आपला जिंकला.

सायरा निंबाखालून पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती घरातल्या भाषेत, हळू आवाजात बोलली.

“खराब बजाओ ना फिर. किसको समझता है?”

“मेरेको समझता है.”

“तो फिर बुढ्ढे को बोलो, ये दांडी किसकी है.”

गनीभाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि गिलास तिच्या हातात परत दिला. त्यांनी त्याचाही विचार केला होता, कालपासून. आबा, हे तुमच्याच जुवाचं लाकूड आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. वामनरावांचा त्या जुवाच्या बैलांवर केवढा जीव होता ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पण पंचाला असं सांगणं म्हणजे बैलाच्या शिंगाला तेल लावून आणण्यासारखं होतं. नियमात कुठे मना नव्हतं. तरी पण.

ते निंबाकडे न बघता गाडीजवळ गेले आणि जांभळा बेस गळ्यात घातला.

ठरवलं त्यांनी एवढंच होतं, की फार चांगलं वाजवायचं नाही. ठेक्यातला मधला एक सूर गाळायचा. खोटं नाही, फक्त कमी. गोपालने वरातीचा ठेका धरला. गनीभाईंनी पहिला सूर लावला, आणि त्यांची बोटं जी लागली ती त्यांचं ऐकेनाशीच झाली. सव्वीस वर्षं ती बोटं उंच बसलेल्या, जाड तारा दाबत आली होती. इथे तारा पडद्यांपासून तांदळाएवढ्याही उंच नव्हत्या. बोट नुसतं टेकवलं की सूर हजर, प्रत्येक सूर वेगळा, कापडावर ओळीने मांडलेल्या बियांसारखा. जो सूर गाळायचा म्हणून ठरवला होता तो तर इतका स्वच्छ निघाला, की त्यांनी तो पुढच्या फेरीत दोनदा वाजवला. लोकांच्या चपला धुळीत हलायला लागल्या. कोंडवाड्यात अडकवलेली एक म्हैस उठून उभी राहिली. वामनराव डोळे मिटून, तळवा फळीवर ठेवून बसले होते, आणि त्यांची मान बारीक डोलत होती. त्या मैदानात ऑक्टोपॅड त्यांना ऐकू येत नव्हता, जनरेटर येत नव्हता, पन्नास माणसांचं बोलणंही येत नव्हतं. त्यांना ऐकू येत होता तो फक्त बेस.

गनीभाई थांबले तेव्हा सायरा निंबाखाली पाठ फिरवून उभी होती.

मग शिवम. त्याने गनीभाईंचा बेस गळ्यात घेतला आणि पट्ट्याखाली तो अर्धा वाकला. दांडी त्याच्या पंज्यात मावेना. पहिल्या कडव्यातच त्याची बोटं लाल झाली, दुसऱ्यात एका बोटाची साल निघाली. सूर लागत होते, पण एकात एक मिसळून, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखे. बिचाऱ्याने मनापासून वाजवलं. त्याच्याही मनात खराब वाजवायचं आलं असेल तर ते दिसलं नाही. शेवटचा सूर सोडून त्याने हात झटकला, गोपालने काठ्या खाली ठेवल्या, आणि ज्ञानेश्वर काहीतरी बोलायला पुढे झाला.

वामनरावांनी तळवा उचलला नाही.

“थांब. अजून चालून राह्यला तो.”

सगळे थांबले. कोणाला काही ऐकू येत नव्हतं. वामनराव डोळे मिटून बसले होते. गनीभाईंना मात्र माहीत होतं काय चाललंय. ते लाकूड दाट होतं, थरथर पिऊन टाकत नव्हतं, तारेला परत देत होतं. सोडलेला सूर त्यात फार वेळ राहायचा. ज्ञानेश्वरने मनातल्या मनात आकडे म्हटले आणि तो सोळापर्यंत गेला, तेव्हा कुठे वामनरावांनी हात काढला.

“जांभळ्याचा सूर सात मोजूस्तर सरला होता,” ते म्हणाले. “लाकूड कोनतं हे?”

कोणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी शिवमच्या गळ्यातून बेस काढून घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि दांडीच्या पाठीवरून हात फिरवला. वरून खाली. मग खालून वर. मधे एके ठिकाणी हात थांबला. अंगठ्याने त्यांनी बुजवलेलं भोक शोधलं, मग त्याच्या शेजारी एकेक खाच मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. ते पुन्हा मोजत होते. पाच पट जिंकले होते त्या जोडीने, आणि दर पटानंतर त्यांनी स्वतः एक खाच पाडली होती.

गनीभाई मान खाली घालून उभे होते, चोरी पकडल्यासारखे, आणि चोरी तर कुठलीच नव्हती. सायरा निंबाखालून तीन पावलं पुढे आली. तिला वाटलं आता झालं, जिंकलो.

“हे मी तुले सरपणात देल्लं होतं गनी.”

“हो आबा.”

“मले सांगितलं काऊन नाई?”

“तुमी पंच आहा न.”

वामनरावांनी वही उघडली. दात, भोवरे, वजन, पाणी, चाल, सगळ्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. मग गोपालला जवळ बोलावलं आणि मोठ्याने जाहीर करायला सांगितलं, की माहीत नसताना का होईना, पंचाच्या दावणीतलं जनावर पंचासमोर आलं आहे. नात्यातल्या जनावराचा निकाल देता येत नाही. ही पारख रद्द.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. ज्ञानेश्वर म्हणाला की असं कसं चालेल, आम्ही चाकाला हात लावून शब्द दिला आहे, काहीतरी निकाल द्याच. त्याला तो अर्थातच आपल्या भाच्याच्या बाजूने हवा होता, आणि आत्ताच्या वाजवण्यावरून तो तसाच लागला असता. त्याने हे तीनदा ओरडून सांगितलं. वामनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“निकाल देत नाई. पण जू माहं आहे, तर जुवाची एक गोष्ट सांगतो. जू एका बैलाचं नसते.” त्यांनी आधी गनीभाईंकडे बोट केलं, मग शिवमकडे. “गोऱ्हा शिकवायचा असला तर जुन्या बैलासंगं जुपतात. एकटा जुपला तर तो गाडी नाल्यात घालते. दोघायले जुपा.”

“आबा, ऑर्केस्ट्रात दोन बेस नसतात,” ज्ञानेश्वर म्हणाला.

“नांगराले एक बैल पाह्यला का तू कधी?”

आणि ज्ञानेश्वरने शब्द तर दिलेला होता. शिवमने मध्येच विचारलं की मग आपापले बेस परत घ्यायचे ना. वामनराव म्हणाले, नाही. एकदा हात पालटला की हंगाम सरेपर्यंत परत पालटत नाहीत, जनावर बिथरतं. त्यांनी वही मिटली, गाडीवरून उतरले आणि जाता जाता जुवाच्या लाकडावर दोनदा थाप मारली.

घरी जाताना सायराने विचारलं, म्हणजे आपण जिंकलो की हरलो. गनीभाई म्हणाले, जुंपले गेलो.

पुढचे पंधरा दिवस शिवम रोज सकाळी त्यांच्या कारखान्यात येऊन बसू लागला. गनीभाई रंधा मारता मारता ठेका सांगत, आणि तो बोटांना पट्ट्या बांधून जुवाची दांडी आवळत असे. पाठीमागच्या खाचा त्याला आधी टोचायच्या. मग तोही अंगठा तिथेच अडकवून सातवा पडदा शोधायला लागला. सायरा त्याच्या बोटांना हळद लावून द्यायची आणि म्हणायची की पुण्याला याहून सोपं काम होतं ना रे.

पहिलं लग्न मलकापूरला होतं, रेल्वेलाइनजवळच्या एका कार्यालयात, भर दुपारी. टेम्पोत आता स्पीकरला पाठ टेकून दोघं बसले. जागा एकाचीच होती, त्यामुळे मालक ज्ञानेश्वर मागून मोटारसायकलवर आला, हेल्मेट घालून, धूळ खात. कार्यालयाच्या दारात वामनराव आधीच येऊन बसले होते. आमंत्रण त्यांना कोणी दिलं नव्हतं. नवी जोडी जुपली की पहिल्याच दिवशी जाऊन पाहायची असते, असं ते म्हणाले आणि स्टेजच्या कडेला मांडी घालून, फळीवर तळवा ठेवून बसले.

दोन बेस एकदम लागले तेव्हा जेवणाच्या टेबलावरच्या स्टीलच्या ताटांची चळत आपसूक सरकत कडेपर्यंत गेली आणि वाढप्याने ती धरली. उजवीकडे गनीभाई, नव्या बेसवर एकेक सूर पेरत. डावीकडे शिवम, जुन्या बेसवर, वाकलेला, घामाघूम. नाचणारे नाचत होते. दोन बेस कशाला, असं कोणी विचारलं नाही. बेस आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गनीभाईंना मोह झाला. जुना बैल कधी कधी खांदा ढिला सोडतो, नवा ओढतो का ते पाहायला. त्यांनी तारांवर तळहात ठेवला आणि ते थांबले. शिवमच्या ते लक्षातही आलं नाही. तो डोळे मिटून वाजवत राहिला, आणि त्याचे सूर तिवसाच्या लाकडातून निघून खालची फळी धरून चालत राहिले, सरळ, नांगराच्या एकाच तासात. नाचणाऱ्यांचे पाय हवेत राहिले नाहीत. लाइन गेली का, असं कोणी विचारलं नाही.

गनीभाई तारांवर हात ठेवून उभे राहिले. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदा थांबले होते आणि कोणाला कळलं नव्हतं. कितीही झालं तरी ते त्यांचंच लाकूड होतं, आणि शिकवलंही त्यांनीच होतं. ते थांबूनच राहिले असते तरी लग्न लागलं असतं, वरात निघाली असती.

तेवढ्यात स्टेजच्या कडेवरून वामनरावांचा आवाज आला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, सगळ्या गाण्याच्या वर.

“एक बैल कुठी गेला?”

नवरीचा मामा दचकून उभा राहिला. दोन माणसं बैल शोधायला धावतच कार्यालयाच्या फाटकाबाहेर गेली, बाहेर बैलगाडी लावली असेल तर सुटला असेल म्हणून. वामनराव मागे वळून थेट गनीभाईंकडे पाहत होते, तळवा फळीवर तसाच ठेवून, वाट बघत.

गनीभाईंनी तारांवरचा हात उचलला आणि पुढचा सूर धरला.

बाहेर गेलेले दोघं परत आले आणि बैल कुठेच दिसत नाही म्हणाले. वामनरावांनी त्यांना दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन्ही आहेत, आणि खाली बसा अशी खूण केली.